शंभर किलो इथिलीनमधून डिटर्जंटपुरते ऑलेफिन: शॉप प्रक्रियेतील समावयवीकरण आणि मेटाथेसिस

इथिलीनचे रेणू एकमेकांना जोडत नेले की ४, ६, ८, १०, १२ अशा सम कार्बनसंख्येचे सरळ साखळीचे ऑलेफिन, म्हणजे दोन कार्बनांमध्ये एक दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन, मिळतात. डिटर्जंटसाठी अल्कोहोल बनवणाऱ्याला त्यातले साधारण ११ ते १४ कार्बनचेच लागतात. डिटर्जंटच्या रेणूची शेपूट, म्हणजे ही कार्बनसाखळी, त्याहून आखूड असेल तर ती तेलकट मळ धरत नाही, लांब असेल तर गार पाण्यात विरघळायला कुरकुरते. जोडणीची अभिक्रिया मात्र १२ वर थांबायला तयार नसते. ती ४ पासून ४० च्या पुढेपर्यंत सगळेच बनवते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस शेल कंपनीच्या कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल प्रयोगशाळेत विल्हेल्म काइम आणि सहकाऱ्यांनी इथिलीन जोडणारा निकेल उत्प्रेरक विकसित केला. उत्प्रेरक उत्तम होता, साखळ्यांच्या लांबीचे वाटप गैरसोयीचे होते. त्यावर जो तोडगा निघाला तो शेल हायर ऑलेफिन प्रोसेस, म्हणजेच शॉप. पहिला प्लांट १९७७ साली अमेरिकेत लुइझियानातील गाइस्मार येथे सुरू झाला, दुसरा १९८२ साली इंग्लंडमध्ये स्टॅनलो येथे. नको असलेले हलके आणि जड ऑलेफिन पुन्हा मधल्या लांबीकडे आणण्यासाठी यात दोन अभिक्रिया एकापाठोपाठ एक लावल्या आहेत: दुहेरी बंधाची जागा बदलणारे समावयवीकरण आणि दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंच्या अर्ध्यांची अदलाबदल करणारे मेटाथेसिस. या दोघींपैकी एकीलाही १२ कार्बनची विशेष ओढ नाही. तरीही शेवटी हवा तो माल मिळतो. कसा, ते आकड्यांतच पाहावे लागते.

वाटपाचे गणित

निकेलवर साखळी वाढत असताना प्रत्येक टप्प्याला दोनच वाटा असतात: आणखी एक इथिलीन जोडून घेणे, किंवा निकेलवरून सुटणे. कोणती वाट घेतली जाईल हे साखळीच्या लांबीवर अवलंबून नसते. त्यामुळे लागोपाठच्या दोन ऑलेफिनांच्या मोलसंख्यांचे (म्हणजे रेणूसंख्यांचे) गुणोत्तर कायम राहते. या गुणोत्तराला के म्हणतात आणि अशा वाटपाला शुल्झ-फ्लोरी वाटप. साखळीतील इथिलीन एककांची संख्या ‘न’ मानली, तर वजनातला वाटा ‘न’ गुणिले के चा (न−२) वा घात या प्रमाणात येतो. के = ०.७५ घेऊन १०० किलो इथिलीनचा हिशेब असा (सी-४ म्हणजे ४ कार्बनचे ऑलेफिन):

सी-४: १०.० किलो
सी-६: ११.३
सी-८: ११.३
सी-१०: १०.५
सी-१२: ९.५
सी-१४: ८.३
सी-१६: ७.१
सी-१८: ६.०
सी-२० आणि पुढचे सगळे: २६.०

म्हणजे सी-१२ आणि सी-१४ मिळून १७.८ किलो. उत्प्रेरकाचे घटक बदलून के हलवता येतो, पण त्याने फारसे हाती लागत नाही. के ०.७० केला तर सी-१२ व सी-१४ ची बेरीज १८.१ होते, ०.८० केला तर १५.८. एवढे इकडे किंवा तिकडे गेलो तरी डिटर्जंटचा वाटा साधारण सहाव्या हिश्शाच्या आसपासच घुटमळतो. बदलते ते उरलेल्याचे रूप: सी-२० वरचा जड भाग ०.७० ला १६.४ किलो असतो, तो ०.८० ला ३९.१ वर जातो. हा जड भाग मेणासारखा, त्याला गिऱ्हाईक कमी. म्हणून के कमी ठेवावा असे पहिल्यांदा वाटते. पुढे दिसेल की पुनर्वाटपाच्या दृष्टीने उलटे बरे.

जोडणीचा टप्पा, थोडक्यात

उत्प्रेरक जागेवरच बनवतात: निकेल क्लोराइड, ऑर्थो-डायफिनाइलफॉस्फिनोबेंझोइक आम्लाचे क्षार आणि निकेलच्या क्षपणासाठी सोडियम बोरोहायड्राइड. द्रावक १,४-ब्युटेनडायॉल. तापमान ८० ते १२० °से., दाब ७० ते १४० बार. तयार ऑलेफिन डायॉलमध्ये विरघळत नाहीत, वेगळा थर धरतात. थर वेगळे केले की उत्प्रेरक डायॉलसोबत परत अणुभट्टीत जातो. दोन द्रव थरांचा असा वापर करून मोठ्या प्रमाणावर चाललेली ही पहिली समांगी (उत्प्रेरक द्रावणात विरघळलेला असलेली) उत्प्रेरक प्रक्रिया मानतात.

इथिलीन जोडल्यावर दर मोलला सुमारे ९४ किलोज्यूल उष्णता सुटते, म्हणजे किलोमागे ३.३ मेगाज्यूलच्या आसपास. तासाला एक टन इथिलीन जोडायचे तर सतत ०.९ मेगावॉट बाहेर काढत राहावे लागते. हे काम टप्प्याटप्प्याने लावलेले शीतक करतात. दाब जास्त ठेवण्याचे एक कारण वेगाचे, दुसरे शुद्धतेचे. निकेल हायड्राइडला, म्हणजे साखळी सुटल्यावर उरणाऱ्या उत्प्रेरकाला, भरपूर इथिलीन मिळाले की ते तयार ऑलेफिनकडे परत वळून त्याचा दुहेरी बंध सरकवत बसत नाही. या टप्प्यावर दुहेरी बंध टोकालाच हवा, कारण सी-६ ते सी-१० चा काही भाग टोकाचा ऑलेफिन म्हणूनच विकला जातो. पॉलिएथिलीनमध्ये सहएकक (इथिलीनसोबत साखळीत मिसळायचा दुसरा रेणू) म्हणून १-हेक्झीन (सी-६) आणि १-ऑक्टीनला (सी-८), कृत्रिम वंगणासाठी १-डेसीनला (सी-१०) मागणी असते.

आधी बंध आत सरकवा, मग अर्धे बदला

टोकाचा ऑलेफिन थेट मेटाथेसिसला दिला तर काय होईल? दुहेरी बंधाच्या एका बाजूला एकच कार्बन आणि दुसऱ्या बाजूला उरलेली साखळी. १-ब्युटीनचे (सी-४; नावाआधीचा आकडा दुहेरी बंध कुठे आहे ते सांगतो) अर्धे १ आणि ३ कार्बनचे, १-आयकोसीनचे (सी-२०) १ आणि १९ चे. अदलाबदल झाली की १ + १ म्हणजे इथिलीन आणि ३ + १९ म्हणजे सी-२२. आपण जड भाग कमी करायला निघालो होतो, तो आणखी जड झाला आणि कष्टाने जोडलेले इथिलीन परत सुटले.

बंध आत असला तर चित्र पालटते. २-ब्युटीनचे अर्धे २ आणि २, १०-आयकोसीनचे १० आणि १०. अदलाबदलीतून २-डोडेसीनचे (सी-१२) दोन रेणू मिळतात. एकही कार्बन वाया जात नाही.

म्हणून समावयवीकरण आधी. यासाठी उत्प्रेरक आम्लारी निवडतात: ॲल्युमिनावर पसरलेले सोडियम-पोटॅशियम, किंवा मॅग्नेशियम ऑक्साइड. आम्लारी उत्प्रेरक दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढतो, ऋणभार तीन कार्बनांवर पसरतो आणि हायड्रोजन दुसऱ्या टोकाला परत बसतो. बंध एक घर सरकला, साखळीचा सांगाडा तसाच राहिला. आम्ल उत्प्रेरकानेही बंध सरकतो, पण तिथे मध्यस्थ धनभारित कार्बन असतो. तो सांगाडा मोडून फांद्या फोडतो आणि दुसऱ्या ऑलेफिनला चिकटून द्वयकेही बनवतो. फांद्या असलेल्या शेपटांचा काय त्रास होतो हे १९५० आणि ६० च्या दशकांत युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर तरंगणाऱ्या फेसाने दाखवून दिले होते. फांदीदार अल्किलबेंझीन सल्फोनेट जिवाणूंना सहज खाता येत नव्हते. सरळ साखळीचा आग्रह तिथून आला. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला बनणारे सरळ अल्किलबेंझीनही त्याच आग्रहाचे फळ, फक्त तिथली साखळी केरोसीनमधील सरळ पॅराफिनमधून येते.

समतोल आतल्या बंधाच्या बाजूने आहे. ब्युटीनचे उदाहरण घेतले तर समतोलात १-ब्युटीन २५ °से. ला सुमारे ३ टक्के उरते आणि १२५ °से. ला ७ टक्क्यांच्या घरात. शॉपमध्ये हे दोन्ही टप्पे साधारण ८० ते १४० °से. आणि ३ ते २० बारला चालतात. जास्त तापवले तर वेग वाढतो, पण टोकाच्या ऑलेफिनचा उरलेला हिस्साही वाढतो. त्यामुळे ताज्या खाटेवर (अणुभट्टीत भरलेल्या उत्प्रेरकाच्या थरावर) खालचे तापमान ठेवून खाट थकेल तसे ते हळूहळू चढवणे शहाणपणाचे.

इथे एक फसवी जागा आहे. इन्फ्रारेड वर्णपटात ९१० आणि ९९० प्रति सेंटीमीटरच्या पट्ट्या गेल्या म्हणजे टोकाचे बंध संपले, हे खरे. पण सी-२० सारख्या लांब साखळीत बंध टोकावरून मध्यापर्यंत पोचायला निदान नऊ घरे आहेत, आणि तो सरळ चालत जात नाही, मागेपुढे भटकत जातो. अशा भटकंतीत अंतर नऊपट झाले की पावले अदमासे एक्याऐंशीपट लागतात. त्यामुळे ब्युटीन समतोलाला पोचलेले असताना आयकोसीनचा बंध अजून दुसऱ्या-तिसऱ्या घरातच असू शकतो. इन्फ्रारेड म्हणेल काम झाले, आणि मेटाथेसिसमधून सी-१२ ऐवजी पुन्हा सी-१९, सी-२० च बाहेर पडेल. खात्री करायची तर जड प्रवाहाचा नमुना ओझोनने तोडून तुकडे गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजावेत. ५ ते १५ कार्बनचे तुकडे सारख्या उंचीने दिसले तर बंध खरोखर पसरला आहे.

पत्ते पिसण्याचा हिशेब

मेटाथेसिससाठी शॉपमध्ये ॲल्युमिनावरचा मॉलिब्डेनम ऑक्साइड वापरतात. धातू-कार्बनच्या दुहेरी बंधावर ऑलेफिन येते, धातू धरून चार जणांची चौकट बनते आणि ती दुसऱ्या बाजूने उघडते. ही यंत्रणा इव्ह शोव्हँ आणि त्यांचे विद्यार्थी एरिसों यांनी १९७१ साली मांडली. २००५ च्या नोबेलमध्ये शोव्हँ, ग्रब्ज आणि श्रॉक यांचा वाटा होता. कारखान्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तुटणारे आणि जुळणारे बंध एकाच जातीचे असल्यामुळे उष्णता जवळजवळ ना सुटते ना लागते. त्यामुळे समतोल म्हणजे निव्वळ पत्ते पिसणे. कुठला अर्धा कुठल्या अर्ध्याला भेटेल हे फक्त त्यांच्या संख्येवर ठरते. तापमान हलवून किंवा महागडा उत्प्रेरक आणून तो बदलत नाही.

समजा, पूर्ण समावयवीकरण झालेले आयकोसीन आणि २-ब्युटीन एकास एक मोल घेतले. आयकोसीनमध्ये आतले बंध १७ जागी असू शकतात, म्हणजे त्याचे अर्धे २ ते १८ कार्बनपर्यंत सारख्या प्रमाणात. ब्युटीनचा अर्धा नेहमी २ चा. पिसल्यावर निम्मे रेणू हलका-जड जोडीचे असतील. त्यांपैकी जड अर्धा ९, १०, ११ किंवा १२ चा असेल तेव्हाच बेरीज ११ ते १४ मध्ये पडेल, म्हणजे १७ पैकी ४ वेळा. निम्म्याच्या ४/१७ म्हणजे ११.८ टक्के. जड-जड जोड्या एक चतुर्थांश, त्यांतल्या २८९ शक्यतांपैकी ३८ ची बेरीज ११ ते १४ येते, तिथून आणखी ३.३. एकूण १५ टक्के. शॉपसाठी एका फेरीत (खाटेतून एकदा गेल्यावर) सी-११ ते सी-१४ चे प्रमाण १० ते १५ टक्के असल्याचे प्रसिद्ध आहे. कागदावरचा हा ढोबळ हिशेब त्याच पट्ट्यात बसतो.

आता हलक्याचे प्रमाण दोनास एक करून पाहू. सी-११ ते सी-१४ घटून १२ टक्क्यांवर येते. पण सी-२० हून जड झालेले रेणू, जे आधी ११.८ टक्के होते, ते ५.२ वर उतरतात. जड रेणू ऊर्ध्वपातन कॉलमच्या तळाच्या रिबॉयलरमध्ये (द्रव उकळवणाऱ्या भागात) साचतात, उकळवायला जास्त तापमान मागतात आणि तिथे डिंक धरतात. फेरीमागे तीन टक्के माल गमावून तळाची गर्दी निम्म्याहून कमी होत असेल तर तो सौदा बहुतेक वेळा फायद्याचा. प्रमाण कुठे ठेवायचे हे त्यामुळे अभिक्रिया पाहून ठरत नाही, ऊर्ध्वपातन कॉलमची कुवत पाहून ठरते.

सरासरी हलत नाही

मेटाथेसिसमध्ये दोन रेणूंचे दोनच रेणू होतात आणि कार्बनही तेवढेच राहतात. म्हणून मिश्रणाची सरासरी कार्बनसंख्या आधी जी तीच नंतर. के = ०.७५ च्या हिशेबात सी-४ ते सी-१० या हलक्या भागाची सरासरी ६.३ आहे आणि सी-२० वरच्या भागाची २६. सी-११ ते सी-१४ ची सरासरी १२.५ धरली, तर जडाच्या एका मोलला हलक्याचे सुमारे २.२ मोल लागतील. हाताशी मात्र जडाच्या एका मोलमागे हलक्याचे ६.८ मोल आहेत.

यातून कमाल उत्पादन काढता येते. २६.० किलो जड भाग पूर्ण वापरला तर त्याच्या जोडीला हलक्यातले १३.७ किलो खपतील आणि ३९.७ किलो सी-११ ते सी-१४ बनेल. आधीचे १७.८ धरून ५७.५ किलो. सी-१६ आणि सी-१८ चे १३.१ किलो तसेच वेगळे विकायचे आणि हलक्यातले २९.३ किलो उरतात. या उरलेल्या हलक्याला मेटाथेसिसमध्ये कितीही फिरवले तरी ते मधे येऊ शकत नाही, कारण जोडीला जड उरलेलेच नाही. ते टोकाचे ऑलेफिन म्हणून समावयवीकरणाच्या आधीच काढून विकले पाहिजे. एकदा बंध आत सरकला की १-हेक्झीनची किंमत गेली.

के वाढवणे इथे कामाला येते. ०.८० ला हलके-जड मोल गुणोत्तर ६.८ वरून ३.५ वर येते आणि गरज असते सुमारे २.६ ची. सी-१२ व सी-१४ चा थेट वाटा दोन टक्क्यांनी घटला तरी पुनर्वाटपासाठी जोड्या जास्त जुळतात. सहएककांना भाव असेल तेव्हा के खाली, अल्कोहोलला मागणी असेल तेव्हा वर: वाटपाची लवचीकता ती हीच.

जड प्रवाह परत कुठे सोडायचा

फेरीला १५ टक्के माल मिळत असेल तर एक टन सी-११ ते सी-१४ साठी ६.७ टन फीड खाटेतून न्यावे लागते आणि ५.७ टन परत फिरवावे लागते. परतीचा हलका प्रवाह थेट मेटाथेसिसच्या खाटेवर सोडला तरी चालतो. सी-१५ वरचा प्रवाह तिथे सोडला तर मात्र खाट नुसती फिरत राहते, माल वाढत नाही.

कारण असे. पहिल्या फेरीत आयकोसीनचा १८ चा अर्धा ब्युटीनच्या २ च्या अर्ध्याला मिळाला तर २-आयकोसीन बनते. त्याची पुढची गाठ पुन्हा २-ब्युटीनशी पडली, तर १८ + २ आणि २ + २: जे होते तेच परत. अभिक्रिया झाली, पण काहीच झाले नाही. हलक्या ब्युटीनच्या सहवासात प्रत्येक जड रेणूचा बंध टोकाकडे ढकलला जातो, आणि तिथून त्याला मध्याकडे आणण्याची ताकद मेटाथेसिसमध्ये नाही. ते काम फक्त समावयवीकरणाचे. म्हणून जड प्रवाह दर फेरीला आधी आम्लारी खाटेतून जातो. ही पाइपलाइन वाचवण्याचा मोह आराखडा काढताना होतो. वाचवली तर पहिल्या फेरीचे आकडे छान येतात आणि नंतर उत्पादन बसत जाते.

फीड स्वच्छ करण्याचा खर्च टाळता येत नाही

जोडणीच्या टप्प्यावरून येणाऱ्या ऑलेफिनमध्ये डायॉलचे अंश, फॉस्फिन आणि पाणी असते. दोन्ही खाटांना हे विष आहे. एक किलो उत्प्रेरकात १० टक्के मॉलिब्डेनम ऑक्साइड असेल, तर मॉलिब्डेनम ०.६९ मोल होते. एक टन फीडमध्ये पाणी दशलक्षास १० भाग असेल तर ते १० ग्रॅम, म्हणजे ०.५६ मोल. शिवाय अशा घन उत्प्रेरकात खरोखर काम करणारे मॉलिब्डेनम एकूणाच्या काही टक्केच असते. तेव्हा हे दहा भाग दिसायला किरकोळ, पण किलोभर उत्प्रेरकाला एका टनातच संपवायला पुरेसे. १,४-ब्युटेनडायॉल दशलक्षास ५० भाग असेल तर मोलसंख्या तेवढीच येते, आणि त्याच्या प्रत्येक रेणूला दोन हायड्रॉक्सिल गट.

म्हणून क्रम असा: ऑलेफिन थर पाण्याने धुऊन डायॉल काढणे, नंतर कॉलममध्ये पाणी हलक्या वाफेबरोबर उडवणे, शेवटी आण्विक चाळणी (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) आणि सक्रिय ॲल्युमिनाच्या खाटा. चाळणीच्या दोन खाटा ठेवाव्यात, एक चालू आणि एक तापवून ताजी होत असलेली. धुतल्यानंतर चाळणीवर ओला माल थेट नेला तर ती काही तासांत भरते. साठवणीच्या टाकीवर नायट्रोजनचे आवरण हवे, कारण उघड्या हवेत ऑलेफिन पेरॉक्साइड धरतात आणि पेरॉक्साइड ही पाण्याइतकीच वाईट. विरघळलेले इथिलीनही पूर्ण काढावे. राहिले तर ते मेटाथेसिसमध्ये भाग घेते आणि २-ब्युटीनशी मिळून प्रोपिलीन बनवते, जे या प्लांटमध्ये कुणालाच नको असते.

बिघाड कुठला, ते कसे ओळखायचे

दोन खाटा मालिकेत असल्यामुळे उत्पादन घटले की दोन्हींवर संशय येतो. वायूकडे पाहिले तर बहुतेक वेळा निकाल लागतो. मेटाथेसिसनंतरच्या कॉलमच्या डोक्यावर इथिलीन आणि प्रोपिलीन वाढू लागले, तर टोकाचे बंध मेटाथेसिसपर्यंत पोचत आहेत. १-ब्युटीन आणि २-ब्युटीनमधून प्रोपिलीन आणि २-पेंटीन बनते, दोन १-ऑलेफिनांतून इथिलीन. दोष समावयवीकरणाच्या खाटेत. आधी फीडमधले विरघळलेले इथिलीन वाढलेले नाही ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.

वायू होता तेवढाच आहे आणि सी-११ ते सी-१४ फेरीमागे घसरत आहे, तर दोन शक्यता. विषम कार्बनसंख्येचे, म्हणजे सी-११ आणि सी-१३ चे प्रमाण समप्रमाणात घसरले असेल तर मेटाथेसिसची खाट थकली. फीडमध्ये विषम संख्येचे ऑलेफिन नसल्यामुळे त्यांची मोजणी ही या खाटेची सरळ परीक्षा आहे. मात्र हे ताज्या फीडवर पाहावे, परतीच्या प्रवाहात विषम आधीच मिसळलेले असतात. सी-१९, सी-२१ सारखे जड विषम भरपूर आहेत आणि सी-११, सी-१३ च कमी आहेत, तर मेटाथेसिस ठीक चालली आहे आणि जड प्रवाहात बंध मध्यापर्यंत पसरलेला नाही. वर सांगितलेली ओझोनची चाचणी इथे करावी.

क्रोमॅटोग्राफवर सरळ साखळ्यांच्या शिखरांमध्ये छोटी शिखरे उगवू लागली, किंवा इन्फ्रारेडमध्ये ८९० प्रति सेंटीमीटरला पट्टी आली, तर फांद्या फुटत आहेत. कारण आम्लपणा. ॲल्युमिनाची स्वतःची आम्ल स्थाने असतात, ती आम्लारी धातूने झाकलेली हवीत. समावयवीकरणाच्या खाटेवर पाण्याने आम्लारी धातू निकामी झाला की ती उघडी पडतात. मॉलिब्डेनमच्या खाटेवरही अशी स्थाने असतात, आणि उत्प्रेरक बनवतानाच थोडे पोटॅशियम देऊन ती शांत केलेली बरी. फांदीदार ऑलेफिन मेटाथेसिसमध्ये संथ असतात, त्यामुळे ते परतीच्या प्रवाहात फेरीगणिक साचत जातात. फांदी होण्याचे प्रमाण फेरीला अर्धा टक्का असले तरी काही आठवड्यांत प्रवाहाचा मोठा भाग त्यांनीच व्यापलेला असू शकतो. त्यावर इलाज म्हणजे परतीच्या जड प्रवाहातून सतत थोडा भाग बाहेर काढत राहणे. तो माल कमी भावाने जातो, पण तो न काढणे जास्त महाग पडते.

खाटा ताज्या करणे

मॉलिब्डेनमच्या खाटेवरचा डिंक आणि कोक जाळून काढता येतो. आधी गरम नायट्रोजनने हायड्रोकार्बन पूर्ण बाहेर काढायचे. मग नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन एक टक्क्याच्या आसपास ठेवून सुरुवात आणि खाटेत जळती रेषा पुढे सरकत असताना तापमान ५५० °से. च्या खाली धरायचे. रेषा शेवटपर्यंत गेली की ऑक्सिजन वाढवायचा. मॉलिब्डेनम ऑक्साइड ७९५ °से. ला वितळतो, पण त्याच्या बरेच आधी, ७०० च्या आसपास, तो उडायला लागतो. एकदा खाटेत उष्ण ठिपका झाला की तिथला मॉलिब्डेनम खाली थंड भागात जाऊन बसतो आणि तेवढा पट्टा कायमचा बाद होतो. जाळल्यावर कोरड्या नायट्रोजनने धुऊन खाट गार करावी. या धुण्यात ओलावा राहिला तर सगळी मेहनत फुकट जाते.

सोडियम-पोटॅशियमच्या खाटेला हा उपचार लागू नाही. ती हवेत आपोआप पेटते. बाहेर काढण्यापूर्वी ती नायट्रोजनखाली, आधी कोरड्या हायड्रोकार्बनमध्ये विरल केलेल्या अल्कोहोलने आणि नंतर हळूहळू ओलसर केलेल्या नायट्रोजनने निष्क्रिय करावी लागते. सुटणारा हायड्रोजन सुरक्षित मार्गाने बाहेर जाईल याची सोय हवी आणि तापमानावर सतत नजर हवी. मॅग्नेशियम ऑक्साइड संथ आहे, पण जाळून ताजा करता येतो. ज्या प्लांटमध्ये पाण्यावर ताबा कच्चा आहे तिथे तोच परवडतो.

आतला बंध पुढे चालतो का

सी-११ ते सी-१४ चे हे ऑलेफिन अल्कोहोलच्या प्लांटवर जातात. तिथे शेलचाच फॉस्फिन जोडलेला कोबाल्ट उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनसह १६० ते २०० °से. आणि ५० ते १०० बारला काम करतो. तो दुहेरी बंध साखळीभर मागेपुढे सरकवतो आणि टोकाला आला की तिथे कार्बन मोनॉक्साइड जोडतो, कारण फॉस्फिनच्या गर्दीमुळे मधल्या कार्बनवर धातूला बसायला जागा अपुरी पडते. मधे अल्डिहाइड वेगळे काढावे लागत नाही, त्याच भांड्यात अल्कोहोल बनते. एक कार्बन वाढून ११ ते १४ चे १२ ते १५ होतात, आणि बहुतांश सरळ. किंमत मोजावी लागते ती ऑलेफिनच्या साधारण दहा टक्क्यांची: तेवढे हायड्रोजन घेऊन पॅराफिन होते आणि अल्कोहोलच्या ऊर्ध्वपातनात हलका अंश म्हणून वर निघते. हे पॅराफिन परत शॉपच्या मेटाथेसिसकडे वळवू नये. त्यात दुहेरी बंध नाही, त्यामुळे ते फिरत राहील आणि कॉलम भरेल.